पुठ्ठ्याचे पाच कन्सोल

नवीन हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, घ्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, एका संध्याकाळी निकाल लागेल. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले आणि त्यातले बरेचसे कटर आणि चिकटपट्टी घेऊन जमिनीवर बसण्यात गेले.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. एक तक्ता केला: लांबी, रुंदी, जाडी, वजन, स्क्रीन. तुलनेला हाताशी माझा सोनीचा जुना हँडहेल्ड, पीएसपी, होता, अगदी पहिल्या मॉडेलचा. 170 × 74 × 23 मिलिमीटर, 280 ग्रॅम, स्क्रीन 4.3 इंच. इतकी वर्षं वापरल्यामुळे हा आकार माझ्या हातांना पाठ आहे. माझा हात लहान आहे, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. हा आकडा तक्त्यात घालायचं काही सुचलं नव्हतं. सगळा घोळ तिथेच होता.

सगळ्यात आधी फसवलं ते स्क्रीनच्या इंचांनी. मोठी स्क्रीन म्हणजे मोठं यंत्र, असं मी धरून चालले होते. 2017 चा निन्टेन्डो स्विच 239 मिमी लांब आणि स्क्रीन 6.2 इंच. 2021 चा ओएलईडी (वेगळ्या प्रकारच्या स्क्रीनचा) स्विच 242 मिमी आणि स्क्रीन सरळ 7 इंच. म्हणजे लांबी फक्त तीन मिलिमीटरने वाढली, बाकी जागा काचेभोवतीची काळी चौकट बारीक करून काढली. स्टीम डेक या दुसऱ्या हँडहेल्डचंही तेच. नव्या ओएलईडी डेकमध्ये 7 इंचाची 7.4 झाली, बाहेरचा आकार होता तसाच राहिला आणि वजन उलट 669 वरून 640 ग्रॅमवर आलं. शिवाय इंच मोजतात तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. डेकची स्क्रीन 16:10 (रुंदी 16 तर उंची 10), स्विचची 16:9. दोन्ही 7 इंच असल्या तरी डेकची उंचीला सात मिमी जास्त भरते. बारीक अक्षरं वाचताना हे सात मिमी कामाला येतात.

मग जाडी. स्विच, ओएलईडी स्विच, छोटा स्विच लाइट आणि 2025 चा स्विच 2, चौघांच्या पुढे 13.9 मिमी असाच आकडा. स्टीम डेकपुढे 49. तक्त्यात बघितलं की डेक म्हणजे वीटच वाटते. पण तो 49 चा आकडा मुठींचा आहे, तळहात भरतो त्या फुगवट्याचा. मधला भाग बराच पातळ आहे. आणि स्विचचे 13.9 हे नुसत्या पाटीचे. वरच्या स्टिकच्या (अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या) टोकापासून मागच्या ट्रिगर बटणापर्यंत मोजलं तर साधा स्विचसुद्धा 28.4 मिमी होतो. एकाने सगळ्यात जाड जागा मोजलीय, दुसऱ्याने सगळ्यात सपाट. कुणी खोटं बोलत नाही, पण एका रकान्यात ठेवून तुलना करण्यासारखे हे आकडे नव्हतेच.

इथे मी तक्ता बाजूला ठेवला आणि पुठ्ठा काढला.

पाच नमुने करायचे ठरवले: स्विच लाइट, ओएलईडी स्विच, स्विच 2, रॉग अ‍ॅलाय आणि स्टीम डेक ओएलईडी. लीजन गो नावाचा आणखी एक हँडहेल्ड कागदावरच गळला. 8.8 इंच स्क्रीनचा मोह होता, पण 854 ग्रॅम म्हणजे माझ्या पीएसपीच्या तिप्पट. पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर चिकटवून जाडी आणली, स्टिकच्या जागी बाटल्यांची झाकणं लावली, बटणं स्केचपेनने काढली. डेक आणि अ‍ॅलायच्या मुठींसाठी वर्तमानपत्राचे बोळे चिकटपट्टीत गुंडाळले. वजनासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत वाळू भरून आत बसवली आणि वजनकाट्यावर ठेवून आकडा जुळवला. दादा आला, बघत उभा राहिला. "काय गं, शाळेचा प्रोजेक्ट चाललाय का?"

एक गाढवपणा इथेच सांगून टाकते. स्विच 2 चा नमुना हातात घेतला आणि मी खूश. एवढा मोठा, 272 मिमी लांब, 7.9 इंच स्क्रीन, आणि इतका हलका! दोन दिवस तोच घ्यायचं जवळपास पक्कं होतं. मग लक्षात आलं की मी 401 ग्रॅम वाळू भरली होती. ते वजन बाजूचे सुटे होणारे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, काढल्यावरचं. जॉय-कॉन लावून तो साधारण 534 ग्रॅम आहे. बाजू सुटणाऱ्या कुठल्याही यंत्राचं वजन बघताना हे आधी तपासा. वाळू वाढवली आणि नमुना दुसरंच काहीतरी झाला.

चाचणी अशी: एकेक नमुना हातात धरून अर्धा तास व्हिडिओ बघायचा आणि खेळत असल्यासारखी बोटं चालवायची. वेडेपणा दिसतो खरा, पण दहाव्या मिनिटानंतर हात स्वतःच बोलायला लागतात.

खुर्चीत, कोपरं टेकवून बसले तेव्हा माझा अंदाज साफ चुकला. 640 ग्रॅमचा डेक 420 ग्रॅमच्या ओएलईडी स्विचपेक्षा हलका वाटला! कारण नंतर उमगलं. मुठी असल्या की वजन तळहातावर विसावतं आणि बोटं मोकळी राहतात. सपाट पाटी बोटांच्या चिमटीत धरून ठेवावी लागते, आणि खालची कड करंगळीवर येते. माझ्या करंगळीवर वीस मिनिटांत लाल रेघ उमटली होती.

मग पाठीवर झोपून तेच केलं. इथे मुठींचा काही उपयोग नाही, सगळा भार दंडावर. डेक नवव्या मिनिटाला खाली आला, अ‍ॅलाय (608 ग्रॅम) त्यानंतर थोड्याच वेळात. लाइट, 275 ग्रॅम, अर्धा तास सहज टिकला. पीएसपीएवढंच वजन, फक्त 38 मिमी जास्त लांब. आणि मी खेळते केव्हा? रात्री, आडवी होऊन. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर पुठ्ठा वाचला असता.

बटणांची मांडणी मात्र पुठ्ठ्यावर पुरती कळेना. दादाने त्याच्या मित्राचा डेक चार दिवसांसाठी आणून दिला. डेकवर दोन्ही स्टिक वर, एका रेषेत, आणि ए-बी-एक्स-वाय बटणं त्यांच्याही बाहेर, अगदी कडेला. खाली ट्रॅकपॅडना जागा हवी म्हणून ही रचना. स्टिकवर अंगठा छान सरळ पडतो, पण बटणाकडे जाताना माझा अंगठा मागे दुमडायचा. दादाचा नाही दुमडत, त्याचा पंजा माझ्या दीडपट आहे. स्विच आणि अ‍ॅलायमध्ये स्टिक तिरप्या, डावी वर आणि उजवी खाली. बटणं हाताशी येतात, पण उजवी स्टिक सतत वापरायची तर अंगठा आत वाकवावा लागतो. म्हणजे नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने एक बघावं आणि उड्या मारायचे टू-डी खेळ खेळणाऱ्याने दुसरं. मी दुसऱ्या जातीची. त्यामुळे लाइटवरचा अखंड डी-पॅड (चार दिशांचं अधिकच्या चिन्हासारखं बटण) माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. जॉय-कॉनवर तिथे चार सुटी बटणं असतात, कारण ती बाजू काढून वेगळा कंट्रोलर म्हणून आडवी धरता यावी लागते. लाइटच्या बाजू सुटतच नाहीत. तो टीव्हीलाही जोडता येत नाही, पण मला टीव्हीवर खेळायचंच नव्हतं.

लाइट घेतला. पहिल्याच आठवड्यात बसून खेळताना करंगळीवर पुन्हा तीच रेघ. मग मागून बसवायची मुठींची कव्हर मिळते ती आणली. करंगळीचा प्रश्न मिटला, पण आता तो पर्सच्या ज्या कप्प्यासाठी मापून घेतला होता त्यात मावत नाही. बाहेर पडताना कव्हर काढते, घरी आल्यावर चढवते. दादा म्हणतो, "एवढी वाळू मोजलीस, पर्स मोजायची राहिली वाटतं." पर्स मोजली होती. कव्हर नव्हती मोजली.