म्हणे, खंय आणि झोल

गोव्यात सावईवेऱ्याला माझ्या बहिणीचं कुळागर आहे, म्हणजे सुपारी-नारळ-मिरीची बाग. परदेशी पाहुणे येतात, पोफळी-माडांखालून फिरतात, मिरीचा घोस हातात धरून फोटो काढतात आणि केळीच्या पानावर जेवून जातात. त्यांच्यासाठी छापलेल्या इंग्रजी पत्रकाचं भाचीला जर्मन करायचं होतं. तिच्या जर्मनच्या दोन परीक्षा झाल्यात आणि मी जन्मभर भाषांतरं करत आलोय, म्हणजे दोघं मिळून एक जाणकार. गाडी पहिल्याच वाक्याला अडली. 'कॉन्ट्ररी टू पॉप्युलर बिलीफ', म्हणजे लोकांचा समज काहीही असो, गोवा म्हणजे नुसता समुद्रकिनारा नव्हे!

तिने शब्दाला शब्द लावून बघितला. पण 'पोप्युलेअर' म्हणजे लोकांचा लाडका, आणि 'ग्लाउबे' म्हणजे श्रद्धा, तिला देवळातल्या धुपाचा वास. पत्रक वाचणाऱ्याला वाटायचं, हे कुणाची तरी मूर्ती फोडायला निघालेत. मग तिला बरोबर शब्द सापडला: 'एन्टगेगन डेअर लान्टलॉयफिगन माइनुंग'. 'माइनुंग' म्हणजे मत. 'लान्ट' म्हणजे देश, 'लॉयफिग' धावण्यातून आलेलं. देशभर धावत सुटलेलं मत. (नुसतं 'लॉयफिग' माजावर आलेल्या कुत्रीला म्हणतात, हे तिने मान खाली घालून सांगितलं.) दुसरा पर्याय 'गेंगिग', तो चालण्यातला. मी म्हटलं, अगं, आपलं 'प्रचलित' तरी काय, चालणारंच. बाजारात चालतं ते चलन, लोकांत चालतो तो समज.

त्यात मराठीची आणखी एक गंमत आहे. ती समज म्हणजे शहाणपण. तो समज म्हणजे नुसतं वाटणं. लिंग बदललं की अक्कल गेली. यावर बहिणीने स्वयंपाकघरातून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पण खरी मजा पुढे होती. जर्मनमध्ये एवढा लांबलचक शब्दप्रयोग न करताही काम भागतं. 'झोलन' नावाचं क्रियापद आहे. एरवी त्याचा अर्थ 'करायला हवं', पण ऐकीव गोष्ट सांगायलाही तेच लावतात. 'एअर झोल राइश झाइन', म्हणजे तो म्हणे श्रीमंत आहे. ऐकीव बातमीला झोल! आपल्या भाषेत ठरवूनही इतका चपखल शब्द मिळाला नसता. आपल्याकडे हे काम 'म्हणे' करतं. कोण म्हणे, कधी म्हणे, पत्ता नाही. आमच्या घरात आजी कोंकणीत 'खंय' जोडायची. शेजाऱ्याने गाय विकली खंय. आता 'खंय' म्हणजे 'कुठे'सुद्धा. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, आजी बातमी सांगता सांगता ती कुठून आली तेही विचारतेय.

गोव्याबद्दलचे 'म्हणे' मी पुष्कळ झेललेत. पुण्यातल्या लग्नात कुणीतरी हमखास म्हणतं, 'गोव्याचे असून किती छान मराठी बोलता हो!' दुसऱ्याला वाटतं, गोव्यात बहुतेक सगळे ख्रिस्ती. २०११च्या जनगणनेत ते प्रमाण २५ टक्के आहे, हिंदू ६६. पण लग्नाच्या पंगतीत जनगणना काढली तर जिलबी कडू लागते. राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. पूर्वेकडचा सगळा सह्याद्री, पण तो कुणाच्या फोटोत येत नाही.

पत्रक छापून आलं. जानेवारीत जर्मन बाईंची एक जोडी आली, दोघी साठीपुढच्या. थोरलीने चष्मा चढवून पहिलं वाक्य वाचलं, भाचीकडे बघितलं आणि विचारलं, 'असं कोण समजतं?' त्या मिरीसाठीच आल्या होत्या. गोव्याला समुद्र आहे हे त्यांना विमानातून कळलं होतं.

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी पाटाच्या पाण्याकडे बघत म्हटलं, 'लोक समजतात. खंय.'