प्रिव्ह्यू वाचून गेम घ्यावा का? भावाच्या सुसाइड स्क्वॉडच्या निमित्ताने माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ बॅटमॅनच्या आर्कम गेम्सवर वाढलाय असं म्हटलं तरी चालेल, ते बनवणाऱ्या रॉकस्टेडी स्टुडिओचं नाव दिसलं की त्याला बाकी काही बघायचंच नसतं, त्यामुळे २०२३ संपता संपता त्याने माझ्यामागे लकडाच लावला की ताई सुसाइड स्क्वॉड येतोय, २ फेब्रुवारीला, डिलक्स म्हणजे महागातली आवृत्ती घेतली तर ७२ तास आधी खेळायला मिळतो, तर प्री-ऑर्डर, म्हणजे आधीच पैसे भरून बुकिंग, करून टाक ना. घरात स्टीमचं, म्हणजे पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानाचं, अकाउंट त्याचं आणि यूपीआय माझं. अमेरिकेत सत्तर डॉलरचा गेम, आपल्याकडेही काही स्वस्तात पडत नव्हता, डिलक्स म्हटल्यावर अजूनच वर. मी नाही म्हटलं नाही, म्हटलं थांब, जानेवारीत प्रिव्ह्यू येतील, ते वाचू आणि मग ठरवू. त्या दिवसांत प्रिव्ह्यू या प्रकाराबद्दल जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितेय. मोठा गेम आला की दर वेळी हीच भांडणं होतात, एक पार्टी म्हणते लिहिणारे सगळे विकले गेलेत, दुसरी म्हणते निगेटिव्ह प्रिव्ह्यूने चांगल्या गेमची वाट लावली.

आधी हे सांगते की प्रिव्ह्यू होतो कसा, कारण रिव्ह्यू (पूर्ण गेम खेळून लिहिलेला) वेगळा आणि प्रिव्ह्यू वेगळा हे सगळ्यांना माहीत असतं पण पैसे देताना कोणाच्या डोक्यात राहत नाही. गेम अजून पूर्ण व्हायचा असतो. कंपनी निवडक पत्रकारांना आणि यूट्यूबर्सना बोलावते, काही तास खेळायला देते, कुठला भाग खेळायचा ते कंपनीच ठरवते, मशीन कंपनीचं, आणि कधी छापायचं ती तारीखसुद्धा कंपनीची, त्यालाच एम्बार्गो म्हणतात. बऱ्याचदा व्हिडिओसुद्धा कंपनीनेच रेकॉर्ड करून दिलेला असतो. फ्लॅट बघायला गेल्यावर बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवतो ना, तसंच. सॅम्पल फ्लॅट खोटा नसतो, पण तुमचा फ्लॅट तो नसतो. त्यामुळे प्रिव्ह्यू गोडच असणार हे धरून चालायचं, आणि एवढी सगळी सोय करूनही कोणी नाराज होऊन बाहेर पडला असेल तर तिथे थांबून नीट वाचायचं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

सुसाइड स्क्वॉडच्या वेळी नेमकं तेच झालं. जानेवारी २०२४ मध्ये प्रिव्ह्यू आले आणि बरेच थंड होते, आयजीएन या मोठ्या गेमिंग साइटचा तर सरळसरळ नाराजीचा. कथा आणि पात्रं आवडली पण प्रत्यक्ष लढाई कंटाळवाणी, असा एकूण सूर. भाऊ चिडला. म्हणाला, ह्यांना रॉकस्टेडी म्हणजे फक्त बॅटमॅन हवा, काही नवीन केलं की ह्यांची तोंडं वाकडी. मला त्याचं म्हणणं अगदीच चूक वाटलं नाही, कारण खरंच काही लेखांमध्ये गेमपेक्षा अपेक्षाभंगच जास्त होता, "आर्कमवाल्यांनी हे का केलं" ह्याच्यावरच परिच्छेदच्या परिच्छेद. ते वाचून विकत घेणाऱ्याला काय मिळतं? काहीच नाही, लिहिणाऱ्याचा मूड कळतो.

मग मी एक वही घेतली आणि प्रत्येक प्रिव्ह्यू वाचताना तेच तेच प्रश्न लिहायला लागले. किती वेळ खेळले, कशावर खेळले, सुरुवातीपासून खेळले की मधलाच भाग दिला, फुटेज स्वतःचं की कंपनीचं. आणि त्याखाली फक्त क्रियापदं. म्हणजे लिहिणाऱ्याने हाताने काय काय केलं. आवडलं-नावडलं सगळं गाळून टाकायचं. असं केल्यावर जे पान तयार झालं ते बघून भाऊसुद्धा गप्प झाला, कारण ज्यांनी शिव्या घातल्या आणि ज्यांनी कौतुक केलं त्या दोघांच्याही पानावर जवळपास तीच क्रियापदं होती. उड्या मारत गच्चीवर जा, जांभळ्या रंगाचे शत्रू गोळ्या घालून मार, बंदूक उचल, मेन्यूत जाऊन आधीच्या बंदुकीशी तिचे आकडे ताडून बघ, पुन्हा गच्चीवर जा. गेममधली चारही पात्रं बंदुका चालवतात, किंग शार्क नावाचा शार्कमाणूससुद्धा. भावाला विचारलं, तुला हे रोज रात्री करायचंय का? तो म्हणाला, "ताई, आर्कममध्ये तर हातानेच हाणायचं असतं गं." मी म्हटलं, तेच लिहिलंय त्यांनी.

अजून एक गोष्ट त्या पानावर होती आणि आमच्यासाठी तीच सगळ्यात मोठी निघाली, ती म्हणजे एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट चालू पाहिजे. ही बातमी नवीन नव्हती, २०२३ च्या फेब्रुवारीत सोनीच्या शोमध्ये गेम दाखवला तेव्हाच त्यावरून आणि बॅटल पासवरून (गेममध्ये बक्षिसं मिळवत जायची वेगळी योजना) बोंबाबोंब झाली होती आणि त्यानंतर मेमध्ये येणारा गेम पुढच्या फेब्रुवारीवर गेला. पण प्रिव्ह्यूमध्ये हे कुठेतरी एका ओळीत येतं आणि संपतं, कारण इव्हेंटमध्ये बसून खेळणाऱ्याला नेट जाणं हा प्रॉब्लेमच नसतो. आमच्याकडे संध्याकाळी लाइट गेली की इन्व्हर्टरवर पीसी चालतो पण नेट मागे कुठूनतरीच बंद होतं, तासतासभर येत नाही. म्हणजे आम्हाला उपयोगाची ओळ ही होती, आणि ती मताच्या ओळीत नव्हतीच.

भाऊ म्हणाला मग यूट्यूबर्सचे व्हिडिओ बघू, ते तरी आपल्यासारखे असतात. बघितले. पण त्याला मी शॅडो ऑफ मॉर्डोरचं प्रकरण वाचायला दिलं, २०१४ चा गेम, पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, सुसाइड स्क्वॉडचीच, वॉर्नर ब्रदर्स. तेव्हा यूट्यूबर्सना पैसे देऊन गेमबद्दल चांगलं बोलायला लावलं होतं आणि पैसे घेतल्याचा उल्लेख डिस्क्रिप्शनमध्ये अशा जागी होता की "शो मोअर" दाबल्याशिवाय दिसणारच नाही. एफटीसी या अमेरिकेतल्या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये त्यावर कारवाई केली आणि कंपनीने सेटलमेंट केली. आता गंमत बघा, तो गेम खरंच चांगला होता! पैसे घेऊन केलेलं कौतुक खरं निघालं आणि मनापासून केलेली टीका कधीकधी चुकते, म्हणूनच मी कोणाचं मत या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचा असेल तर काय दाखवत नाहीयेत यावर घालवा. सायबरपंक २०७७ या गेमचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे पण त्यातला बारकावा विसरला जातो. डिसेंबर २०२० मध्ये रिलीजच्या आधी रिव्ह्यू आले ते फक्त पीसीवरचे होते, कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या, कॉपी आधी दिल्याच नव्हत्या, आणि रिव्ह्यू करणाऱ्यांना स्वतःचं फुटेज वापरायला परवानगी नव्हती, कंपनीने दिलेलंच लावायचं. ऐंशी लाख प्री-ऑर्डर होत्या. मग १० डिसेंबरला गेम आला आणि सोनीच्या जुन्या पीएस फोर कन्सोलवर चालेना, आठवड्याभरात सोनीने स्टोअरवरून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये. ज्यांनी पीसीवर खेळून चांगलं लिहिलं ते खोटं बोलले का? नाही. पण पीएस फोरवाल्याने तेच वाचून पैसे भरले. आणि ह्याच्या बरोबर उलटं आमच्या लाडक्या रॉकस्टेडीचंच, आर्कम नाइट, जून २०१५. आधीचे रिव्ह्यू बहुतेक पीएस फोरवर खेळून, एकदम कडक, आणि पीसीचं व्हर्जन इतकं खराब आलं की वॉर्नरला काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली, ऑक्टोबरच्या शेवटी परत सुरू झाली. भाऊ तेव्हा लहान होता, त्याने तो गेम सगळं दुरुस्त झाल्यावर खेळला, म्हणून त्याला हे माहीतच नव्हतं. हे ऐकल्यावर त्याचा "रॉकस्टेडी आहे म्हणजे डोळे झाकून" वाला सूर जरा खाली आला. स्टीमने रिफंड देणं त्याच जून महिन्यात सुरू केलं होतं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग लोकांना इथेच झाला.

सुसाइड स्क्वॉडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कंपनीने चांगली केली. आधी काही लोकांना क्लोज्ड अल्फा, म्हणजे मोजक्या लोकांसाठीची कच्ची चाचणी आवृत्ती, खेळायला दिला होता पण त्याबद्दल बोलायला बंदी होती, प्रिव्ह्यूवरून गदारोळ झाल्यावर ती बंदी उठवली. मग साध्या खेळणाऱ्यांची मतं आली आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की पत्रकार उगाच कडक लिहितायत, फिरायला मजा येते, एकदा हात बसला की लढाईपण जमते. भावाने हे सगळं मला वाचून दाखवलं, अगदी वकिलासारखं. मी तेही वहीत लिहिलं. आणि मग बातमी आली की आयजीएनसकट काही साइट्सना रिव्ह्यूची कॉपी आधी मिळणार नाही. एका बाजूला खेळणाऱ्यांना बोलू देता आणि दुसऱ्या बाजूला जो टीका करतो त्याला कॉपी नाही, हे मला अजिबात आवडलं नाही, आणि इथे मी ठरवलं की प्री-ऑर्डर नाही. रिलीजनंतर लोकांनी पूर्ण खेळल्यावर बघू. प्री-ऑर्डर केली असती तरी स्टीमवर रिलीजच्या आधी कधीही पैसे परत मिळतात हे खरं आहे, पण एकदा लायब्ररीत गेम दिसायला लागला की आमच्या घरात तो परत जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

भाऊ दोन दिवस बोलला नाही माझ्याशी नीट. मग ३० जानेवारीला डिलक्सवाल्यांना गेम मिळाला आणि पहिल्या काही तासांतच सर्व्हर बंद करावे लागले, कारण लोक लॉगिन करत होते आणि गेम सांगत होता की तुमची कथा पूर्ण झालेली आहे. जास्तीचे पैसे ७२ तासांसाठी भरले आणि त्यातले तास असे गेले, भरपाई म्हणून गेममध्येच खर्च करायचं वीस डॉलरचं चलन दिलं. पूर्ण रिव्ह्यू आले तेव्हा मेटाक्रिटिकवर, जिथे सगळ्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करतात, सरासरी शंभरपैकी साठच्या आसपास. कथेचं आणि पात्रांचं कौतुक, तेच तेच मिशन म्हणून तक्रार, म्हणजे जानेवारीत लिहिलं होतं तेच. मे महिन्यात वॉर्नरने ह्या गेमपायी वीस कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवला. त्यामुळे ह्या गेमपुरतं तरी मी ठामपणे म्हणेन की त्या कडक प्रिव्ह्यूंनी विकत घेणाऱ्याचं भलंच केलं. ऑफलाइन खेळायची सोयही आली, पण २०२४ च्या डिसेंबरात.

भावाचं अजूनही म्हणणं आहे की गेम प्रिव्ह्यूने मारला. मला हे पटत नाही, पण त्याच्या म्हणण्यातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो आम्हाला दुसऱ्याच गेममुळे कळला. बाजूला ठेवलेल्या पैशांतून सेलमध्ये मी त्याला मार्व्हलचा गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी घेऊन दिला, २०२१ चा, आयडॉस मॉन्ट्रियलचा. ह्या गेमची पहिली झलक जून २०२१ मध्ये ई-थ्री या गेम्सच्या प्रदर्शनात दाखवली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, कारण ह्याच्या पब्लिशरचा, स्क्वेअर एनिक्सचा, अव्हेंजर्स आदल्याच वर्षी आपटला होता, शिवाय पाच गार्डियन्स असून खेळायला एकटा त्यांचा म्होरक्या स्टार-लॉर्ड. म्हणजे गेमला कोणी हातही लावलेला नव्हता आणि मत तयार होतं! नंतर ज्यांनी प्रत्यक्ष खेळून लिहिलं त्यांनी पात्रांच्या आपसातल्या गप्पांचं, चिडवाचिडवीचं कौतुक केलं, रिव्ह्यू छान आले, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये कथेचं बक्षीस मिळालं. भावाने तो रात्री जागून संपवला, नेट नसतानासुद्धा, आणि रॉकेट आणि ग्रूटचे संवाद आठवडाभर घरात ऐकवत होता. पण पब्लिशरनेच नंतर सांगितलं की सुरुवातीची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली.

हा अन्याय आहे आणि तो फक्त ट्रेलर बघून "हे पण तसलंच असणार" म्हणणाऱ्यांनी केला, त्यात लिहिणारेही आले आणि आपणही आलो. खेळून केलेली टीका आणि बघून केलेली टीका ह्या दोघांना एकाच मापाने मोजलं जातं, तिथे विकत घेणारा फसतो, आणि एखादा चांगला स्टुडिओसुद्धा मार खातो. लेखाच्या वर "हँड्स-ऑन", म्हणजे स्वतः खेळून, असं लिहिलंय का एवढं बघायला दोन सेकंद लागतात.

आता भाऊच वही घेऊन बसतो. स्टीमच्या नेक्स्ट फेस्ट नावाच्या ऑनलाइन मेळ्यात डेमो फुकट मिळतात ते उतरवून घेतो, कारण डेमो म्हणजे आपल्याच मशीनवर, आपल्याच नेटवर केलेला प्रिव्ह्यू. ज्याचा डेमो नसतो तो गेम सेलमध्ये घ्यायचा आणि दोन तास व्हायच्या आत ठरवायचं, खरेदीला चौदा दिवस झालेले नसले आणि खेळणं दोन तासांच्या आत असलं तर स्टीम पैसे परत देतं. फक्त ते दोन तास कथेचे व्हिडिओ बघण्यात घालवू नका, लगेच सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमरेट, म्हणजे चित्र किती सलग चालतं ते, बघा, मग नेट बंद करून गेम चालतो का बघा, आणि मग खेळायला बसा.