‘किती दिवस थांबू, ताई?’

काकांनी टेबलावर पिशवी रिकामी केली आणि दहा-बारा टोमॅटो घरंगळत माझ्या वहीपर्यंत आले. लालबुंद, एकावरही डाग नाही. सगळ्यात शेवटी पिशवीच्या तळातून पिण्याच्या पाण्याची एक बाटली निघाली. अर्धी भरलेली, आत पिवळसर द्रव.

“ताई, टोमॅटो तुमच्यासाठी. आणि हे औषध बघा. तुमच्या चिकट कागदांपेक्षा भारी निघालं.”

मी वनस्पती दवाखान्यात काम करते. लोक रोगट पानं, पोखरलेली फळं घेऊन येतात; कीड ओळखून उपाय सांगायचा, हे माझं काम. काका महिन्यापूर्वी पांढऱ्या माशीची तक्रार घेऊन आले होते. मुरडलेली रोपं उपटा, पिवळे चिकट सापळे लावा, पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा, एवढं मी सांगितलं होतं. धीर सुटला तर कुणाकडून काहीही आणून मारू नका, हे सांगितलं नव्हतं. आता पहिल्याच भेटीत सांगते.

“कधी फवारलंत?”

“पाच दिवस झाले.”

“किती घातलं?”

“दोन टोपणं, बादलीभर पाण्यात.”

“नाव काय त्याचं?”

काकांनी बाटली फिरवून पाहिली. “भाच्याने डब्यातून ओतून दिलं. त्याची शेती आहे, त्याला कळतं यातलं.”

त्यांच्या नातीने तेवढ्यात एक टोमॅटो उचलला होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला, जरा जोरातच, आणि पोर दचकली. मग हातमोजे चढवून बाटली आणि टोमॅटो वेगवेगळ्या पिशव्यांत बांधले, बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहिलं आणि आम्ही तिघांनी साबणाने हात धुतले. या द्रवाला सगळेच ‘औषध’ म्हणतात आणि मला त्या शब्दाची धास्ती वाटते. औषध म्हटलं की ते घरात ठेवायला भीती वाटत नाही. थोडं जास्त घातलं तर गुण लवकर येईल, असंही वाटतं.

काकांचा वाफा दहा चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा हजारावा भाग. मी कागदावर हिशेब मांडला. एखाद्या रसायनाची मात्रा हेक्टरी अर्धा लिटर धरली, तर एवढ्याशा वाफ्याच्या वाट्याला येतं अर्धा मिलिलिटर. बाटलीच्या एका टोपणात साधारण ५ मिलिलिटर मावतं आणि काकांनी दोन टोपणं ओतली होती. वीसपट! ते त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. “टोपणभर म्हणजे काहीच नाही असं वाटलं हो.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “किती दिवस थांबू, ताई? की चांगले धुऊन खाल्ले तर चालतील?”

मला उत्तर देता येईना. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, हे लेबलवर प्रत्येक पिकासाठी वेगळं लिहिलेलं असतं. तेच रसायन एका पिकावर तीन दिवसांत चालतं, दुसऱ्यावर तीन आठवडे थांबावं लागतं. शिवाय घरचे टोमॅटो एका दिवशी तोडून संपत नाहीत, पिकतील तसे रोज दोन-चार तोडले जातात. मी भाच्याला फोन लावायला सांगितलं. त्याने मूळ डबा शोधून लेबलचा फोटो पाठवला, त्यात तासभर गेला.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं आंतरप्रवाही कीटकनाशक होतं ते. झाड ते शोषून घेतं आणि रसातून सगळीकडे पोचवतं, त्यामुळे ते धुऊन किंवा साल काढून जात नाही. पिकांच्या यादीत टोमॅटो नव्हता. एकही भाजी नव्हती. जे पीक लेबलवर नाही त्यावर फवारणं अनेक देशांत बेकायदा आहे, मग बाग घरची असली तरी. काकांना आधी ती कागदी अट वाटली. म्हणून मी त्यांना १९८५ सालची कॅलिफोर्नियातली घटना सांगितली. तिथे कलिंगडासाठी परवानगी नसलेलं अल्डिकार्ब हे आंतरप्रवाही रसायन कलिंगडांत उतरलं आणि ती खाऊन शेकडो लोक आजारी पडले. आपल्या टोमॅटोंसाठीही लेबलवर प्रतीक्षेचे दिवस नाहीत. मग मी कुठला आकडा सांगू? झाडं फळांसकट उपटा, पिशवीत बंद करा, खतात टाकू नका. बाटली मोरीत ओतायची नाही, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

“फवारल्यावर काही त्रास झाला होता?”

“डोकं दुखलं, मळमळलं, घाम फुटला. ऊन लागलं असेल.”

अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातमोजे नाहीत. हे विष कातडीतूनही शरीरात जातं आणि कोलिनेस्टरेज नावाचं विकर निकामी करतं. मग मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा संदेश थांबतच नाही. लेबलचा फोटो घेऊन आजच डॉक्टरकडे जा, घरात ज्यांनी ज्यांनी टोमॅटो खाल्ले त्यांनाही न्या, म्हणून मी चिठ्ठी लिहून दिली. त्या विकराची पातळी काही आठवडे खाली राहू शकते, म्हणून पाच दिवसांनंतरही रक्ततपासणीचा उपयोग होता. काकांची पातळी खरंच कमी निघाली. नातीची ठीक होती. हे मला दोन दिवसांनी कळलं आणि तोवर मला नीट झोप नव्हती.

त्या दुपारी चिठ्ठी हातात घेऊन काका दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“ताई, मी शेजारी पण वाटलेत.”

चार घरी. माझ्यासमोर बसूनच त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. “मी दिलेले टोमॅटो खाऊ नका. नाही, सडलेले नाहीत. मी चुकीचं विष मारलंय त्यांवर.” हेच वाक्य तीनदा, प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी खाली. एका घरी खाऊन झाले होते. मी फोन हातात घेतला, कुणाला काही त्रास होतोय का विचारलं, लक्षणं सांगितली आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं.

चौथ्या घरी फोन कुणी उचलेना. काकांनी नातीला माझ्या खुर्चीशेजारी बसवलं, “हिच्याकडे लक्ष ठेवा,” म्हणाले आणि चपला सरकवून स्वतःच त्या घरी निघाले.