तुम्ही विचारलंत म्हणून: कंबरेला रिव्हॉल्वर लावायचं तर होल्स्टर कुठलं?

लायसन्स मिळालं, रिव्हॉल्वर घरी आलं की नवीन माणसाचा फोन येतोच. "दादा, तुम्ही कंबरेला कुठलं होल्स्टर लावता, मला पण तेच सांगा ना." होल्स्टर म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायचा, बेल्टला लावायचा कप्पा. आमचं झवेरी बाजारात सोन्याचं काम, माल घेऊन जायचं यायचं असतं म्हणून घरात लायसन्स आहे, त्यामुळे धंद्यातली पोरं मलाच विचारतात आणि मी दर वेळी आधी उलट विचारतो की बेल्ट कुठला घालतोस? फोनवर हे अर्धवटच राहतं म्हणून आज सगळं नीट लिहून काढतोय.

तर बेल्ट आधी, होल्स्टर नंतर. आपल्याकडे .32 बोअरचं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जे रिव्हॉल्वर असतं त्याचं वजन रिकामं असतानाच साधारण 700 ग्रॅम असतं, 2014 ला आलेलं तिथलंच निर्भीक हे मॉडेल हलकं, 500 ग्रॅमचं, पण तेही दिवसभर एकाच बाजूला लटकलं की कळतं. ऑफिसला घालायचा मऊ फॉर्मल बेल्ट या वजनाने पिळतो, होल्स्टर वरून बाहेरच्या बाजूला कलतं, शर्टावर मुठीचा उंचवटा दिसतो, पँट एका बाजूने खाली येते आणि मग माणूस दर पाच मिनिटांनी हात लावून ते नीट करत बसतो. हा सारखा जाणारा हात सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरच्या हुशार माणसाला तेवढंच पुरतं. बेल्ट दोन थरांचा, कडेने शिवलेला, दीड इंची म्हणजे 38 मिलिमीटरचा घ्या, आडवा धरला तर लगेच मान टाकणार नाही असा. आणि होल्स्टरची बेल्ट ओवायची खाच बरोबर त्याच मापाची हवी, खाच मोठी आणि बेल्ट अरुंद असला की होल्स्टर चालताना डुलतंच. अजून एक, पँट शिवून घेत असाल तर टेलरला सांगा की उजव्या कमरेवर, जिथे होल्स्टर बसतं तिथे, एक जास्तीचा रुंद लूप टाक. दोन खाचांचं चपटं होल्स्टर असेल तर हा लूप दोन खाचांच्या मधे येतो आणि मग होल्स्टर ना पुढे सरकत ना मागे. शंभरेक रुपयांचं काम, पण याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या होल्स्टरनेही पडत नाही.

आता कायदा, कारण निवड निम्मी तिथेच होते. 2016 च्या आर्म्स रूल्समध्ये लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत आणि पूर्ण झाकलेली असली पाहिजे, दाखवत फिरायला सक्त मनाई आहे. त्यामुळे शर्ट खोचून वर ऐटीत होल्स्टर लावणं हा विषयच नाही. गन हाऊसमध्ये पहिल्यांदा जे दाखवतात ते झाकणवालं, खाली लोंबणारं होल्स्टर, ते गणवेशातल्या गार्डसाठी आहे, शर्टाच्या खाली डोकावतं, ते घेऊ नका. आपल्याला उंच बसणारं, अंगाला चिकटून राहणारं आणि मूठ किंचित पुढे झुकलेली असेल असं हवं, म्हणजे मुठीचं टोक मागच्या बाजूला शर्टातून टोचत नाही. शर्ट बाहेर, थोडा ढगळ, गडद किंवा बारीक चौकडीचा. पांढऱ्या पातळ शर्टात मुंबईच्या घामात सगळं दिसतं.

कप्पा कसाही असो, एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करत नाही: ट्रिगर आणि त्याच्या भोवतीची कडी पूर्ण झाकलेली पाहिजे, बोटच काय पण शर्टाचं टोक किंवा नाडीसुद्धा आत जाता कामा नये. आणि होल्स्टरचं तोंड रिव्हॉल्वर बाहेर काढल्यावरही उघडं राहिलं पाहिजे. नायलॉनची ती 'सगळ्या मॉडेलला चालेल' वाली स्वस्तातली होल्स्टर्स इथेच नापास होतात, रिव्हॉल्वर काढलं की तोंड मिटतं, मग परत ठेवताना माणूस दुसऱ्या हाताने ते उघडायला जातो आणि त्याचा स्वतःचाच हात नळीसमोर येतो. अपघात बरेचदा काढताना नाही, परत ठेवताना होतात. म्हणून ठेवताना घाई नको, शर्ट डाव्या हाताने पूर्ण वर धरा, बोट ट्रिगरपासून लांब, आणि उजवा अंगठा हॅमरवर, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या भागावर, ठेवा. काही अडकून ट्रिगर दाबला जात असेल तर हॅमर मागे येताना अंगठ्याला लगेच कळतं आणि तिथेच थांबता येतं. हॅमर बाहेर असलेल्या रिव्हॉल्वरमध्ये ही सोय आहे, ती वापरा.

याच्याशीच जोडलेली गोष्ट, हाताळणं जितकं कमी तितकं बरं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेते गोविंदांना जुहूच्या घरी स्वतःच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली, रिव्हॉल्वर ठेवताना हातातून पडलं असं बातम्यांमध्ये आलं होतं. जुन्या पद्धतीच्या ज्या रिव्हॉल्वरमध्ये हॅमर आणि काडतुसाच्या मधे अडथळा येत नाही ती पडली तर उडू शकतात, म्हणून आपलं कुठल्या प्रकारचं आहे ते गन हाऊसच्या मिस्त्रीकडून समजून घ्या आणि शंका असेल तर हॅमरखालचं चेंबर, म्हणजे काडतुसाचं घर, रिकामं ठेवा, सहाच्या जागी पाच. आणि होल्स्टरला वरून अंगठ्याने सुटणारा बटणाचा पट्टा हवाच. फक्त आपल्या कानपूरच्या रिव्हॉल्वरला, ते मधून मोडून उघडतं ना, त्याची उघडायची कळ डाव्या बाजूला वर असते, पट्टा नेमका त्या कळीवर बसला किंवा काढताना तिला अडकला तर उपयोग नाही. पट्टा हॅमरच्या मागून जाईल असा बसवून घ्या.

यासाठीच बाहेरचं तयार होल्स्टर आपल्या रिव्हॉल्वरला नीट बसत नाही. ते अमेरिकन मॉडेलच्या मापाचं असतं, आपली नळी, पुढची माशी (नेम धरायचा उंचवटा), सिलिंडरचा फुगवटा सगळं वेगळं. मी सरळ सांगतो, धारावीत करून घ्या. संत रोहिदास मार्गावर चामड्याची दुकानं आहेत, आतल्या गल्ल्यांमध्ये कारागीर आहेत, 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर काम जास्त करून म्हशीच्या चामड्यावर चालतं आणि होल्स्टरला ते जाड, टिकाऊ चामडं चांगलंच. पण रिव्हॉल्वर घेऊन कारागिराकडे जायचं नाही, काडतुसं काढलेलं असलं तरी नाही, ते दुसऱ्याच्या हातात देणं बेकायदा आहे आणि तो बिचारा फुकट अडकेल. घरी रिकामं करून, दोनदा तपासून, कागदावर ठेवून पेन्सिलने बाहेरची रेघ काढा, सिलिंडर, नळी आणि मुठीची जाडी मोजा आणि सुताराकडून त्या मापाचा लाकडी ठोकळा करून घ्या. सिलिंडरचा फुगवटा, ट्रिगरची कडी, माशी एवढं नीट उतरलं की बस. कारागीर चामडं कोमट पाण्यात भिजवून या ठोकळ्यावर बसवतो, बोटांनी आणि हाडाच्या पट्टीने दाबून दाबून कडीचा आकार उठवतो आणि सावलीत वाळवतो. वाळल्यावर ठोकळा आत ढकलला की शेवटच्या अर्ध्या इंचात जरा घट्ट होऊन बसतो, ती पकड खरी. माशीसाठी आत थोडी मोकळी वाट ठेवायला सांगा, नाहीतर ती चामडं खरवडत बाहेर येते.

चामडं मागताना वनस्पतीच्या सालीने कमावलेलं मागा, कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात त्या जातीचं. क्रोमच्या रसायनाने कमावलेलं मऊ असतं, पर्सला छान, पण साच्यात आकार धरत नाही.

मग पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत चामड्याला बुरशी येते हे तुमच्या चपलांवरून तुम्हाला माहीतच आहे, आणि ओलं चामडं लोखंड खातं, पितळेच्या काडतुसांवर हिरवट थर आणतं. त्यामुळे रिव्हॉल्वर रात्री होल्स्टरमध्ये ठेवून झोपायचं नाही, बाहेर काढून पुसून तेलाचा हलका हात फिरवून लॉकरमध्ये, होल्स्टर वेगळं पंख्याखाली. ओलं झालं तर उन्हात टाकू नका आणि हेअर ड्रायर तर नकोच, चामडं आक्रसतं. होल्स्टरला तेल पाजू नका, मऊ पडून आकार जातो, मेणाचा पातळ हात पुरे. अंगाच्या बाजूला वर निघालेली चामड्याची जीभ ठेवून घ्या, घाम रिव्हॉल्वरवर येत नाही. कायडेक्स म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर पाण्याला चांगलं, पण कडा बोचतात आणि आत धूळ गेली की पॉलिश घासतं. पँटच्या आतलं होल्स्टर जास्त लपतं हे खरं, पण मे महिन्यात दिवसभर घालून बघा आणि मग मला सांगा.

जागा कुठली, हेही विचारतात. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागे. व्हिडिओत बघून लोक म्हणतात की गाडीत सीटबेल्टचं बकल होल्स्टरवर येतं, पण ते तिकडच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचं, आपल्याकडे ड्रायव्हरचं बकल डाव्या कमरेला येतं, उजवीकडे दार आणि बेल्टचं खालचं टोक. बकलचा त्रास आपल्याकडे बाजूच्या सीटवरच्याला. त्यामुळे स्वतःच्या गाडीत बसून बघा, रिकाम्या रिव्हॉल्वरने. तसंच घरी खुर्चीत बसा, उठा, खाली वाकून चप्पल उचला, जिना चढा, मग होल्स्टर पलंगावर उलटं धरून हलवा, रिकामं रिव्हॉल्वर पडलं नाही पाहिजे. मूठ पुढे करून डावीकडे लावायची पद्धत गाडीत सोयीची वाटते, पण आपल्या गर्दीत समोरच्याचा हात तुमच्या मुठीपर्यंत पोचतो, म्हणून मला ती पटत नाही. लोकलच्या गर्दीत मी मुळातच नेत नाही. मॉल, सिनेमा, सिद्धिविनायक असं असेल त्या दिवशी ते घरच्या लॉकरमध्ये, गाडीत सोडून जायचं नाही.

आणि हे कोणी विचारत नाही पण विचारायला हवं, बाहेर टॉयलेटला गेल्यावर काय? रिव्हॉल्वर काढून फ्लशच्या टाकीवर ठेवू नका, तिथे विसरलं की संपलं. होल्स्टरमध्येच, पट्टा बंद, आणि बेल्टचं बकल गुडघ्यांच्या वर परत लावून टाका म्हणजे वजनाने लादीवर आपटत नाही, शेजारच्या दाराखालून दिसतही नाही.

निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करायची नोटीस आली की होल्स्टर पोलीस ठाण्यात देऊ नका, घरी ठेवा. शिवण उसवलीय का, बटणाचा पट्टा सैल पडलाय का, तोंड आत दबलंय का ते बघा, लाकडी ठोकळा जपून ठेवला असेल तर तोच घेऊन धारावीत जा आणि रिव्हॉल्वर परत येईपर्यंत दुरुस्त करून घ्या.