पत्राच्या आधीचे चार-पाच दिवस

दुपारपासून ताईचं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "अरे, ते जूनमधलं पत्र आलं ना, त्याच्या आधी चार-पाच दिवस धर आणि तिथून वर काढ."

एवढंच बोलली आणि चष्मा पुसायला लागली.

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर तर कधी फार खाली नेणारा आजार, म्हणून डॉक्टरांनी लाइफ चार्ट भरून आणायला सांगितलाय, गेल्या पाच वर्षांचा. मधे आडवी रेघ, मूड चढला असेल तर रेघेच्या वर, पडला असेल तर खाली, आणि तळाशी त्या त्या महिन्यात कुठली गोळी चालू होती ते लिहायचं. खालचे चौकोन मी पटापट भरले, ते महिने कोण विसरेल. वरचे जमेनात, कारण ते वरचे आहेत हे मला कुठे माहीत होतं, मी त्यांना आपले बरे दिवस समजत होतो. म्हणून ताईला बोलावलं, तिला तारखा लक्षात राहतात.

रेघ सरळ येईना. लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी माझी आताची गोळी, वाढवल्यापासून हात थरथरतो, अगदी बारीक, पण पेन्सिल टेकवली की कळतं. ताई काही बोलली नाही, तिने पट्टी दाबून धरली आणि मी जून रेघेच्या वर काढला. सोळा दिवस. डॉक्टर म्हणाले होते की सलग चार दिवस असं असलं तरी त्याला हायपोमेनिया, म्हणजे सौम्य उन्माद, म्हणता येतं. माझे सोळा.

पण ते पत्र! घराच्या त्या प्रकरणानंतर दोन वर्षं ताई आणि मी बोललो नव्हतो. रात्री दोनला बसलो आणि उजाडेपर्यंत अकरा पानं लिहिली, थकवा नाही, झोप नाही, आणि पत्र मिळाल्यावर चौथ्या दिवशी ताई दारात. आयुष्यात एक गोष्ट मनापासून आणि नीट केलीस ती कुठली, असं कुणी विचारलं असतं तर मी हेच पत्र सांगितलं असतं. आणि ती आज त्याच्यावरून आजाराची तारीख काढते. सहज. म्हणजे तिच्या मनात ते पत्र कधीचंच तिकडे जाऊन बसलंय, लक्षणांमध्ये.

त्याच सोळा दिवसांत ऑफिसमध्ये मी जे काही बोललो ते... ते जाऊ दे.

तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं गोळी लागू पडली. एप्रिलमध्ये डिप्रेशनची गोळी सुरू झाली होती, जूनमध्ये मी एकदम ताजातवाना, ऑगस्टमध्ये परत अंथरुणात. आताचे डॉक्टर सांगतात की बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांना ती अशी वर फेकते, म्हणून ती हळूहळू कमी करत बंद केली. मग लॅमोट्रिजिन, तीही मूड सावरणारीच गोळी, पंचवीस मिलिग्रॅमपासून, दोन आठवड्यांनी पन्नास, आणि तिसऱ्या आठवड्यात छातीवर पुरळ. साधं असेल म्हणून थांबायचं नाही, लगेच फोन करायचा असं बजावलं होतं, तसा केला, गोळी त्याच दिवशी बंद. पुरळ साधंच निघालं पण ते औषध माझ्यासाठी संपलं. आता लिथियम, सहाशे मिलिग्रॅमवर रक्तातली लेव्हल ०.४ आली म्हणून नऊशे केलंय. ०.६ ते १.० च्या मधे हवी आणि १.५ च्या वर गेली तर विषबाधा, एवढीशी जागा. मीठ अचानक कमी करायचं नाही, पाणी भरपूर, अंग दुखलं तरी आयब्युप्रोफेन नाही, किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या चालूच राहणार. तोंडाला सतत धातूची चव.

परवा झोप येईना तेव्हा वाचत बसलो होतो, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या पेशंट्सना लिथियम देऊन पाहिलं आणि ते छापलं. मूलद्रव्यांच्या यादीत तिसरं, हायड्रोजन, हेलियम आणि मग हेच. इतकी साधी वस्तू माझ्या आत जाऊन काय धरते आणि काय सोडते कोण जाणे. ते पत्र आज लिहायला बसलो असतो तर या गोळीवर लिहिता आलं असतं का? दुपारभर हाच प्रश्न. खालचे महिने आजाराचे, हे मी मान्य केलं, उलट बरंच वाटलं की तो आळशीपणा नव्हता. पण वरचेही आजाराचे असतील तर माझं म्हणून राहिलं काय, ती मधली रेघ? खूप रडलो, खरं सांगायचं तर.

संध्याकाळी राहवलं नाही, ताईला मेसेज केला की ते पत्र आहे का. दोन मिनिटांत अकराच्या अकरा पानांचे फोटो आले. म्हणजे हाताशीच ठेवलंय.

वाचवेना आधी. अक्षर एवढं मोठं, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या, एका वाक्याखाली तीन-तीन रेघा. सहाव्या पानावर आपण सगळ्यांनी एकाच घरात राहायचं, त्याचा नकाशा, कुणाची खोली कुठली इथपर्यंत. हे मी नव्हतो, किंवा होतो पण फार जोरात. मग चौथं पान. "तू दाराबाहेर उभी होतीस, मला आतून ऐकू येत होतं आणि मी उठलो नाही." हे वाक्य त्या रात्री सुचलेलं नाही. हे मी दोन वर्षं रोज घोळवत होतो, अंथरुणात पडून, भिंतीकडे तोंड करून, सगळ्यात खालच्या महिन्यांतही. त्या सोळा दिवसांनी ते कागदावर उतरवलं आणि पेटीत टाकलं, तेवढं त्यांचं. वाक्य माझं होतं.

ताईला विचारलं, तुला तेव्हाच कळलं होतं का. बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "सहावं पान वाचून पोटात गोळा आला होता रे. पण चौथं वाचल्यावर लगेच निघाले."

यावर काय लिहायचं ते कळेना, काहीच पाठवलं नाही. चार्टवरचा जून खोडणार नाही, तो तिथेच बरोबर आहे. त्याच्या बाजूला मार्जिनमध्ये बारीक अक्षरात फक्त 'पान ४' लिहिलं, डॉक्टरांनी विचारलं तर सांगेन. हात थरथरला, पण चार नीट वाचता येतो.

नऊ वाजले, गोळी घेतली. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी लेव्हल तपासायला रक्त द्यायचं असतं, म्हणजे उद्या सकाळी नऊला. ताई साडेआठला येतेय. चार्ट विसरू नकोस म्हणाली, तो आत्ताच पिशवीत ठेवलाय.