तुम्ही विचारलंत म्हणून: एडिटिंगचं सॉफ्टवेअर कधी बदलायचं?

"ताई, आते मी काय शिकू? एडियस सोडू का?" चोपड्याकडचा एक शूटिंगवाला मुलगा शूटिंगचं मेमरी कार्ड द्यायला आला होता. जाता जाता पायरीवर थांबून त्यानं हे विचारलं. मी अमळनेरला घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करते. पारोळा, एरंडोल, धरणगावहून काम येतं आणि दर हंगामात हा प्रश्नही येतो. मी एडियसवर शिकले, मग प्रीमिअरवर गेले, आता डाविंची रिझॉल्व्हवर बसते; तिन्ही एडिटिंगचीच सॉफ्टवेअर. दोन वेळा बदल केलाय, म्हणून विचारतात.

'कोणतं' याच्या आधी 'कधी' ते सांगते. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आषाढी या काळात अजिबात नाही. तेव्हा एकेका दिवशी तीन-तीन लग्नांची कार्डं येऊन पडतात आणि पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकांचे, फोन सुरू असतात. पारा ४४-४५ वर गेलेला असतो. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डाकडून भरपूर काम करून घेतं, त्यामुळे त्या उन्हात मशीन आधीच तापलेलं राहतं. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त थांबतात. मग दुपार आपली असते. मी रिझॉल्व्हवर पहिलं काम केलं ते श्रावणात, कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाचं. गल्लीतलंच शूटिंग, घाई करणारी पार्टी नाही, चुकलं तर पुन्हा करायला वेळ होता.

बदल मात्र का केला, तर हळदीसाठी. ज्यानं मंडपात शूटिंग केलंय त्याला हे लगेच कळेल. वर लाल-गुलाबी कापड, बाजूला एलईडीचा पांढरा झोत, मधे नवरी आणि तिच्या अंगावर हळद. तीन कॅमेरे, तिघांचा पिवळा वेगळा. एकात हळद केशरी दिसते, एकात हिरवट, आणि कापडाची लाली सगळ्यांच्या गालावर. प्रीमिअरच्या ल्युमेट्री या रंगाच्या पॅनलमध्येही हे सुधारता येतं, मी वर्षानुवर्षं सुधारलं. पण डाविंची मुळात रंगासाठीच जन्मलं. पूर्वी ही सिनेमाच्या रंगकामाची लाखो डॉलरची यंत्रं होती. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइननं ती बनवणारी डाविंची कंपनी घेतली आणि पुढे त्यातच एडिटिंग वाढवलं. त्यात रंगाचं काम नोडवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, चालतं. एका नोडमध्ये कापडाची लाली काढते, दुसऱ्यात चेहरा पकडते, तिसऱ्यात फक्त हळद. एक बंद करून बघता येतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही. नवरीच्या आईनं व्हिडिओ बघून "हळद हळदीसारखी दिसतेय" म्हटलं, त्या दिवशी माझं ठरलं.

आता अडचणी. पहिली बोटांची, म्हणजे कीबोर्डच्या कळांची. एडियसमध्ये सी दाबलं की क्लिप जागेवर कापली जाते. प्रीमिअरमध्ये सी म्हणजे नुसतं ब्लेड हातात येतं, कापायला कंट्रोल-के. रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल-बी. रिझॉल्व्हमध्ये प्रीमिअरची कळरचना तयार मिळते आणि सगळे तीच लावायला सांगतात. मीही लावली होती, दोन महिन्यांनी काढली. शिकवणारा व्हिडिओ एक कळ सांगायचा आणि माझ्याकडे भलतंच व्हायचं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दिवसापासून नव्या घरच्याच कळा शिका. जे-के-एल (मागे, थांब, पुढे) आणि आय-ओ (सुरुवात आणि शेवटाची खूण) सगळीकडे तेच आहेत, तेवढा आधार पुरतो.

दुसरी अडचण मोठी, जुन्या कामाची. प्रीमिअरमधून एक्सएमएल (कटांची नोंद असलेली फाइल) काढून रिझॉल्व्हमध्ये उघडता येतं, हे खरं. कट येतात, क्लिपांचा क्रम येतो, ऑडिओचे ट्रॅक येतात. टायटल येत नाहीत, ल्युमेट्रीचा रंग येत नाही, विकत घेतलेल्या प्लगइनचे (वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचे) इफेक्ट येत नाहीत. लग्नाच्या व्हिडिओत नावं, रंग आणि इफेक्ट काढले तर पार्टीला दाखवायला उरतं काय? म्हणून अर्धवट काम उचलून नेऊ नका. ते जुन्या सॉफ्टवेअरमध्येच पुरं करा आणि प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या उत्तम दर्जाच्या फॉरमॅटमध्ये एक चांगली फाइल काढून ठेवा. पुढे टीझर कापायला ती फाइल कुठेही उघडते. जुनं सॉफ्टवेअरही निदान वर्षभर मशीनवर राहू द्या, कारण "मामांचं नाव चुकलंय" असा फोन आठ महिन्यांनीही येतो.

नावांचंच निघालं म्हणून सांगते. आपल्याकडे बऱ्याच जणांची जुनी टायटलं युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. ती कॉपी करून दुसरीकडे टाकली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. प्रीमिअरमध्येही मराठी जोडाक्षरं नीट यायला टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाईवर ठेवावं लागतं. कोणतंही नवं सॉफ्टवेअर घेतलं की मी आधी 'श्री कानबाई माता प्रसन्न' टाइप करते, मग 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्णा'. हे नीट उमटलं तरच पुढे.

रिझॉल्व्हवर यायचंच ठरवलं तर दोन गोष्टी आधीच ऐकून ठेवा. क्लिप आत घेतल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट लुकलुकू नये यासाठी आपण २५ वर शूट करतो. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेलं असतं ३० वर. चुकून मोबाइलची क्लिप आधी टाकली आणि विचारलेल्या प्रश्नाला घाईत हो म्हटलं, तर अख्खा प्रोजेक्ट ३० चा होऊन बसतो. दुसरं म्हणजे, प्रीमिअरसारखी प्रोजेक्टची फाइल फोल्डरमध्ये दिसत नाही. प्रोजेक्ट रिझॉल्व्हच्या स्वतःच्या लायब्ररीत राहतो. विंडोज नव्यानं टाकण्याआधी प्रत्येक प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. त्यात क्लिपा जात नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा.

पैशांचं थोडक्यात. प्रीमिअर बनवणारं अडोबी २०१३ पासून भाडेपट्ट्यावर गेलं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत काम देते आणि हळदीला तेवढी पुरते. रात्रीच्या वरातीतली दाणेदार चित्रं साफ करणारं नॉइज रिडक्शन मात्र स्टुडिओ या पैशांच्या आवृत्तीत आहे. ती एकदाच विकत घ्यायची.

ज्याचं काम तीन कॅमेऱ्यांचे कट लावून चार दिवसांत व्हिडिओ देण्याचं आहे आणि रंगाची तक्रार कोणी करत नाही, त्यानं एडियस सोडू नये. भरभर मिक्सिंगला ते आजही पक्कं आहे.

चोपड्याच्या त्या मुलाला मी विचारलं, तुझी पार्टी कशावरून नाराज होते? तो थोडा थांबला. "ताई, नवरी काळी दिसते म्हणतात." मग त्याला सांगितलं, आषाढीनंतरच्या सोमवारी ये. एका हळदीचं तिन्ही कॅमेऱ्यांचं कच्चं शूटिंग हार्डडिस्कवर आण. आपण बसू.