ॲम्ब्युलन्स परत का पाठवलीस?

लग्नात, बारशात, परवा तर ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत थांबवून आत्याने विचारलं, "१०८ दारात आली होती. परत का पाठवलीस?" एकदाच लिहून टाकतो.

अण्णांचा फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला, केमो थांबली, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरी सोडण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरने मला कामाला लावलं होतं, ते ठाऊक नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीवरून ओढायचं नाही. माकडहाडावर लाली दिसली तर चोळायची नाही. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, दुखत असो नसो. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, कारण मॉर्फिनने पोट हमखास बांधतं. मधेच कळ आली तर जादा गोळी, आणि वेळ वहीत. काका म्हणाले, बापाला गर्दुल्ला करतोस. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला तरी कळव्यात मला ती गोळी कुठल्याच मेडिकलमध्ये मिळाली नाही. स्लो लोकलने परळच्या हॉस्पिटलात जाऊन आणायचो. अण्णांना नशा चढलेली मी पाहिली नाही. कळ उतरल्यावर वरणभात मागताना पाहिलं.

शेवटी काय होईल तेही सिस्टरने सांगितलं होतं, मी विषय टाळत असतानाही. गिळणं बंद होईल. श्वास थांबून थांबून येईल. घरघर लागेल, ती गिळता न आलेल्या थुंकीची असते आणि पेशंटपेक्षा ऐकणाऱ्यांनाच जास्त छळते. तेव्हा सलाइनचा हट्ट धरू नका, घरघर वाढू शकते.

त्या रात्री दीडच्या सुमारास ती लागली. मी अण्णांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, टेबलफॅन तोंडाकडे केला, गोळी कुटून थेंबभर पाण्यात कालवून गालाच्या आत लावली. आत्या गंगाजल घेऊन आली, चमचाभर तोंडात घालू दे म्हणाली. मी तिचा हात धरला. जोरात धरला, खरं आहे. गिळता येत नसताना ते पाणी श्वासनळीत गेलं असतं. मग कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून ओठांवरून फिरवायला तिच्याच हातात दिला, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.

तोवर काकांनी १०८ ला फोन केला होता. आमची इमारत बिनलिफ्टची, मजला तिसरा. माणसं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत वर आली. डॉक्टर पोरसवदा होता. बीपी घेऊन म्हणाला, न्यायचं तर आत्ता, नळी घालावी लागेल. काका म्हणाले, उचला. मी परळची फाइल उघडून धरली. व्हेंटिलेटर नको, हे अण्णांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलं होतं आणि ते तिथे लिहिलेलं होतं. त्याने वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणजे अण्णांचा नकार मला माझ्या तोंडाने म्हणायचा होता. म्हटला. सही केली. काका चपला घालून खाली गेले ते उजाडल्यावरच वर आले.

अण्णा पहाटे गेले. फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी येऊन मृत्यूच्या कारणाचा ४-ए नमुना भरून दिला. ही तयारी ज्यांना निर्दय वाटते त्यांनी एकदा स्मशानाच्या खिडकीवर कागदाविना उभं राहून बघावं.

आता आत्या विचारत नाही ते. ताई नागपूरहून रात्रीच्या गाडीत होती. कसारा यायच्या आत अण्णा गेले. नळी घातली असती तर कदाचित काही तास, कदाचित दोन दिवस मिळाले असते. ताईला त्यांचा हात धरता आला असता; सुया टोचलेला, बांधून ठेवलेला, पण ऊन हात. त्या रात्री मला वाटलं, असल्या भेटीसाठी त्यांचा शब्द मोडायचा नाही. नंतर कित्येकदा वाटलं, शब्द देताना ताई गाडीत असेल हे अण्णांना कुठे माहीत होतं? मग फाइल आठवते आणि पुन्हा पहिलंच बरोबर वाटतं. ताईला विचारलं तर म्हणते, "तू होतास ना." समजून म्हणते की चिडून, मला कळत नाही.

आत्या, भांडायचंच असेल तर ताईवरून भांड. ॲम्ब्युलन्सबद्दल यापुढे मी बोलणार नाही.